दुबेळक्यातला दाणा

मानेत, जबड्याच्या कोपऱ्याखाली गाठ आहे म्हणून रोगी येतो. दुखत नाही, काही वर्षांपासून आहे, हळूहळू वाढतेय. डॉक्टर ती दोन बोटांत धरतात. आडवी ढकलली तर हलते, वरखाली करू म्हटलं तर जागची ढळत नाही. दोरीला मारलेली गाठ दोरीसकट बाजूला होते, पण दोरीवरून सरकत नाही, तसं काहीसं. आणि बोटांना ठोके लागतात. गाठ उडत असते.

ती दोरी म्हणजे मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. अशी गाठ काढायची तर धमनीला हात लागणार आणि धमनी गेली तर मेंदूचा एक भाग जाऊ शकतो. या पेचातून वाट काढायला वैद्यकाला फार मोठा काळ लागला. मला या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे की, गाठ काढायचे प्रयत्न आधी झाले आणि ती कशाची आहे, कशामुळे वाढते, हे पुष्कळ नंतर कळलं.

कॅरोटिड हे नाव ग्रीक भाषेतल्या गुंगीवाचक शब्दावरून पडलं आहे. मानेच्या दोन्ही बाजू दाबल्या की माणसाला भोवळ येते, शुद्ध हरपते, हे ग्रीकांना ठाऊक होतं. दुसऱ्या शतकात गॅलेनने जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की नुसती धमनी बांधली तर जनावराचा आवाज जात नाही. सोबतचे मज्जातंतू बांधले गेले तर जातो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानेतली मर्मं सांगितली आहेत. नीला आणि मन्या या मर्मांना इजा झाली तर मुकेपणा येतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते. आणि दोन्ही बाजूंच्या मिळून आठ मातृका दुखावल्या तर तत्काळ मृत्यू. यातली नेमकी कोणती आजच्या कॅरोटिडशी जुळते, या वादात शिरायला नको. पण मानेवर घाव बसलेली माणसं जवळून पाहिल्याशिवाय आवाज आणि चव यांच्याविषयी इतकं बारीक लिहिता येत नाही, एवढं नक्की. आपण आजही अत्यंत महत्त्वाच्या गोष्टीला धोरी नस म्हणतो.

धमनी बंद झाली तरी काही माणसं वाचतात आणि काही वाचत नाहीत. हे असं का, याचं उत्तर १६६४ साली आलं. ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातली चित्रं काढणारा क्रिस्टोफर रेन. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारा तोच. मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या धमन्या बारीक दुव्यांनी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. एका बाजूचा पुरवठा तुटला तर दुसऱ्या बाजूचं रक्त या कड्यातून वळून येऊ शकतं. विलिसने तपासलेल्या एका मृतदेहात एका बाजूची कॅरोटिड पार बुजलेली होती, तरी त्या माणसाला हयातीत पक्षाघात झाला नव्हता. मात्र हे कडं सगळ्यांचं सारखं नसतं. कोणाचा दुवा चांगला जाड असतो, कोणाचा दोऱ्यासारखा, कोणाचा जवळजवळ नसतोच. पुढची अडीचशे वर्षं मानेवर सुरी धरणाऱ्या प्रत्येक सर्जनचं यशापयश या दुव्यांवर अवलंबून राहिलं आणि ते दुवे कसे आहेत हे आधी पाहायची सोय कोणाकडेही नव्हती.

पहिली मोठी उडी घेतली ती एका जहाजावर. १८०३ साली ब्रिटिश नौदलाच्या टॉनंट या जहाजावरच्या एका नोकराने स्वतःचा गळा चिरून घेतला होता. जखम भरत आली असं वाटत असताना काही दिवसांनी आतली धमनी फुटली. डेव्हिड फ्लेमिंग या जहाजावरच्या डॉक्टरने मान उघडून मूळ कॅरोटिडच बांधून टाकली. माणूस वाचला. पण ही हकिगत छापून आली ती १८१७ साली. तोवर लंडनमध्ये दुसऱ्याच एका सर्जनने आपल्या वाटेने तेच काम केलं होतं.

हा सर्जन म्हणजे गाइज हॉस्पिटलचा अ‍ॅस्टली कूपर. नोव्हेंबर १८०५ मध्ये ४४ वर्षांची एक बाई त्याच्याकडे आली. तिच्या कॅरोटिडची भिंत फुग्यासारखी फुगली होती आणि तो फुगवटा फुटला तर क्षणात सगळं संपणार होतं. कूपरने फुगवट्याच्या खाली धमनी बांधली. पहिले काही दिवस बरे गेले. आठव्या दिवसाच्या सुमारास तिचं एक अंग लुळं पडलं. पुढे फुगवट्याला सूज येऊन तो घसा आणि श्वासनलिका दाबू लागला आणि त्याच महिन्यात ती गेली. कूपरने ही केस दडवली नाही, सविस्तर प्रसिद्ध केली. उशिरा आल्यामुळे फुगवटा फार वाढला होता, लवकर आलेला रोगी मिळाला तर हे जमेल, अशी त्याची खात्री होती.

असा रोगी मिळायला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. हंफ्री हंफ्रीज हा पन्नाशीचा हमाल लोखंडाची ओझी वाहायचा. मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याखाली अक्रोडाएवढी गाठ, जोरात उडणारी आणि डोक्याच्या त्याच बाजूला ठणका. २२ जून १८०८ रोजी कूपरने त्याची कॅरोटिड बांधली. भूल देण्याचं तंत्र यायला अजून ३८ वर्षं होती. हंफ्रीज हे सगळं शुद्धीत सोसत होता. धागा आवळला तशी गाठीची उडी थांबली. हंफ्रीज बरा झाला, कामाला लागला आणि १८२१ पर्यंत, म्हणजे आणखी तेरा वर्षं जगला. मेल्यावर कूपरने त्याचं डोकं तपासलं. बांधलेली धमनी बुजून गेली होती आणि विलिसच्या कड्यातून रक्ताने आपली वाट करून घेतली होती. हा अहवाल कूपरने १८३६ साली छापला. एका रोग्याची गोष्ट २८ वर्षं धरून ठेवून पुरी करणारा हा माणूस मला त्याच्या हातकौशल्यापेक्षाही या चिकाटीसाठी मोठा वाटतो.

हंफ्रीजची गाठ म्हणजे खुद्द धमनीच होती. पण मानेत याच जागी उडणारी दुसरीही एक गाठ असते. ती धमनीची नसते, धमनीला बिलगून वाढलेली असते आणि आतून भरीव असते.

कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीला कॅरोटिड दुभागते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. या दुबेळक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक तांबूस कण चिकटलेला असतो. जर्मनीत ग्योटिंगेनला आल्ब्रेख्ट फॉन हालर या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकणाऱ्या टाउबे या विद्यार्थ्याने १७४३ साली तो नोंदवला आणि त्याला ‘इवलीशी गंडिका’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. मग शंभरेक वर्षं त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १८६२ साली लुश्काने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती एक ग्रंथी आहे असं म्हटलं. ग्रंथी म्हटली की तिने काहीतरी पाझरायला हवं. काय पाझरते, हे मात्र सापडेना.

या दाण्यापासून वाढणाऱ्या गाठीला लंडनच्या जोनाथन हचिन्सनने १८८८ साली सरळ मानेतला बटाटा म्हटलं. टणक, लंबगोल, हळू वाढणारी, न दुखणारी. नाव इतकं साधं, पण ती कापायला गेलं की तिचं खरं रूप कळे. वजनाच्या हिशोबात पाहिलं तर शरीरातल्या कुठल्याही अवयवापेक्षा या दाण्याला जास्त रक्त मिळतं. त्याची गाठ म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंजच. शिवाय ती वाढता वाढता दोन्ही फाट्यांना कवेत घेते. १८८० साली रीग्नरने ती काढण्याचा पहिला प्रयत्न केला, रोगी वाचला नाही. १८८६ साली माय्डलचा रोगी वाचला, पण त्याची वाचा गेली आणि एक अंग लुळं पडलं. धमनीसकट गाठ काढली होती. १८८९ साली व्हिएन्नाच्या एदुआर्ट आल्बर्टने प्रथमच धमनी शाबूत ठेवून गाठ सोडवली.

कूपरचा हमाल तरला आणि हे रोगी बुडाले, असं का व्हावं? धमनीच्या जुन्या दुखण्यात रक्ताची वाट आधीपासून अडखळत असते, त्यामुळे आडवाटा थोड्याफार उघडलेल्या असू शकतात. बटाट्याच्या गाठीत धमनी बहुतेक वेळा सुरळीत वाहत असते. वाहता पाट एका क्षणात बंद केला तर मेंदूला सावरायला वेळच मिळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या रोग्यांचा नंतर हिशेब झाला तेव्हा दिसलं की, गाठीबरोबर धमनी बांधावी लागली तर सुमारे ३० टक्के रोगी दगावत. गाठ बहुधा साधी, कर्करोगाची नव्हे. मग तिच्यासाठी हा जुगार का खेळायचा? पुष्कळ सर्जन गाठ ओळखून मान पुन्हा शिवून टाकत आणि त्यांना भित्रं म्हणता येणार नाही.

दरम्यान, सुरीशी काहीच संबंध नसलेल्या एका खोलीत या दाण्याचं कोडं सुटत होतं. माद्रिदमध्ये सांतियागो रामोन इ काखाल या थोर मज्जाशास्त्रज्ञाचा शिष्य फर्नांदो दे कास्त्रो चांदीच्या क्षारांनी रंगवलेले काप पाहत बसला होता. दाण्यात मज्जातंतूंचं दाट जाळं आहे हे त्याने १९२६ साली दाखवलं. पण हे तंतू मेंदूचा हुकूम दाण्याकडे आणतात की दाण्याची खबर मेंदूकडे नेतात? दे कास्त्रोने प्राण्यांच्या कवटीत शिरून मेंदू आणि दाणा यांना जोडणारा मज्जातंतू अगदी मेंदूपाशी तोडला आणि काही दिवसांनी दाणा पाहिला. हुकूम आणणारे तंतू असते तर त्यांच्या मूळ पेशी मेंदूत असत्या आणि त्यांच्यापासून तुटल्यावर तंतू मेले असते. ते धडधाकट होते. म्हणजे त्यांचं मूळ मेंदूबाहेरच्या गंडिकेत होतं आणि काम खबर नेण्याचं होतं. कोणती खबर? रक्ताच्या घटकांतले बदल हा दाणा चाखतो, असं दे कास्त्रोने १९२८ साली लिहिलं. कित्येक दशकं काय पाझरतं म्हणून शोधत होते, त्या अवयवाचं काम चव घेण्याचं निघालं.

बेल्जियममध्ये गेंट इथे कॉर्नेय हेमान्सने ते जिवंत प्राण्यात सिद्ध केलं. एका कुत्र्याच्या मानेतला दुबेळक्याचा भाग, त्याचे मज्जातंतू शाबूत ठेवून, त्याने दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तावर चालता ठेवला. दुसऱ्याच्या रक्तात प्राणवायू कमी झाला की पहिल्याचा श्वास जोरात चाले, जरी पहिल्याला स्वतःला हवेची काही कमतरता नव्हती. म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे की नाही, हे बघणारा राखणदार अगदी वेशीवर, दुबेळक्यात बसवलेला आहे. हेमान्सला १९३८ चं नोबेल मिळालं, जाहीर झालं १९३९ साली. दे कास्त्रोचं नाव त्यात नव्हतं. स्पेन यादवी युद्धात होरपळत होता आणि तो माद्रिदमध्येच होता. राखणदाराची भाषा प्रथम ज्याने ओळखली, त्याला हा सन्मान मिळायला हवा होता, असं म्हटल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

या शोधाचा एक दुष्परिणामही झाला. जपानच्या नाकायामाने दम्यावर उपाय म्हणून हा दाणाच काढून टाकायला सुरुवात केली. १९६१ च्या त्याच्या अहवालात ३,९०० हून जास्त रोगी आहेत. दम्याला त्याचा खात्रीचा फायदा ठरला नाही आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. पण दोन्ही दाणे गेलेली माणसं नेहमीपेक्षा जास्त वेळ श्वास रोखू शकतात आणि रक्तातला प्राणवायू घटला तरी त्यांचा श्वास हवा तसा वाढत नाही, हे मात्र माणसांतच पडताळलं गेलं.

सर्जनांचीही वाट उघडत होती. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिशने कॅरोटिडमध्ये क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य सोडून धमन्यांचं चित्र घेतलं. दुबेळक्यातल्या गाठीने दोन्ही फाटे फाकवलेले त्यात स्पष्ट दिसत, प्राचीन ग्रीकांच्या लायर या तंतुवाद्याच्या बाकदार भुजांसारखे. आता मान उघडण्यापूर्वी शत्रू कोण ते कळू लागलं. १९४० साली गॉर्डन गॉर्डन-टेलरने धमनीच्या भिंतीत, बाहेरच्या अस्तराखाली एक पांढरी रेघ दाखवली. त्या पदरातून सुरी नेली तर गाठ धमनीवरून सोलून निघते. फणसाचा गरा सालीपासून सोडवताना बोटाला नेमका पदर सापडावा लागतो. जोर करून उपयोग नसतो. १९७१ साली मेयो क्लिनिकच्या शॅम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी ९० रोग्यांवरून या गाठींचे तीन गट पाडले: सहज सुटणाऱ्या, थोड्या चिकटलेल्या आणि धमनी गिळून बसलेल्या. सर्जन आजही याच भाषेत बोलतात.

त्या मधल्या काळात धमनीच्या आतल्या दुखण्याकडेही लक्ष गेलं. मिलर फिशर हा कॅनडाचा डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं जर्मनांच्या कैदेत काढून आलेला. मॉन्ट्रियलमध्ये अर्धांगाचा एक रोगी त्याला सांगू लागला की झटका येण्याआधी आपल्या एका डोळ्यापुढे अंधारी यायची, आणि तो डोळा लुळ्या अंगाच्या उलट बाजूचा. रोग्याची चूक होत असावी असं वाटणं साहजिक होतं. पण एका बाजूची कॅरोटिड तुंबली तर त्याच बाजूचा डोळा आणि उलट बाजूचं अंग, हे नेमकं जुळतं. फिशरने १९५१ साली ते मांडलं, शवविच्छेदनाच्या पुराव्यासह, आणि मानेतली ही तुंबलेली जागा शस्त्रक्रियेने मोकळी करता येईल असंही लिहिलं. तीन वर्षांनी, मे १९५४ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ते झालं. धमनी जोडता येते, बदलता येते, हा आत्मविश्वास यातून आला आणि दुबेळक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेलाही त्याचा आधार मिळाला.

राहिला प्रश्न, ही गाठ का वाढते? उत्तराची पहिली अर्धी बाजू अँडीज पर्वतातून आली. पेरूमधलं सेरो दे पास्को हे खाणीचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटरवर आहे. अशा उंचीवर जन्मलेल्या माणसांचे दाणे खालच्या माणसांपेक्षा मोठे असतात, हे लिमाच्या हाविएर आरियास-स्तेया यांनी १९६९ साली दाखवलं. १९७३ साली साल्दान्या आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की दुबेळक्यातल्या गाठीसुद्धा त्या उंचीवर सुमारे दहापट आढळतात. विरळ हवेत राखणदाराला जन्मभर उसंत मिळत नाही. काम वाढतं तसा तो वाढतो आणि कधी कधी वाढणं थांबत नाही.

दुसरी बाजू आली नेदरलँड्समधून, जिथली कितीतरी जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तिथे हवेला काय तोटा! तरीही लायडनच्या आसपासच्या काही घराण्यांत या गाठी पिढ्यानपिढ्या होत होत्या. वान देर मेय आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली वंशावळ्या मांडल्या तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांना गाठ झाली त्यांना ती वडिलांकडून आली होती. आईकडून दोष आला तर मूल निरोगी राही. पण ते मूल मुलगा असेल, तर पुढे त्याच्या मुलांना गाठ होऊ शके. एखादी आजी, तिचा धडधाकट मुलगा, आणि मानेत गाठ वाढणाऱ्या त्या मुलाच्या मुली: घरच्यांना हे आनुवंशिक आहे असं कसं सुचावं?

२००० साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या बोरा बायसाल यांनी डच संशोधकांच्या साथीने दोष असलेलं जनुक शोधून काढलं. पेशीच्या आत प्राणवायू वापरून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेतलं एक विकर, सक्सिनेट डिहायड्रोजिनेज. त्याचा एक लहान भाग या जनुकावरून बनतो. तो बिघडला की सक्सिनेट साचत जातं आणि प्राणवायू पुरेसा आहे हे पेशीला कळवणारी साखळी अडते. भोवती प्राणवायू भरपूर असतो, पेशीला मात्र गुदमरल्यासारखं वाटत राहतं. पेरूच्या खाणकामगाराच्या रक्तात प्राणवायू खरोखरच कमी असतो. लायडनच्या माणसाच्या दाण्यातल्या पेशींना तो कमी भासतो. दोन्हीकडे राखणदार वाढतो. बायसाल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलेली गोष्ट या दोन बाजू जुळवते: हेच सदोष जनुक असलेली माणसं उंचावर राहत असतील तर त्यांच्यात गाठी जास्त होतात. समुद्रसपाटीला राहणाऱ्या डच घराण्यांत हा दोष इतक्या पिढ्या टिकून राहिला, त्याचं एक कारण तिथला सखल मुलूख असावा.

आज अनुभवी हातात ही गाठ काढताना पक्षाघाताचा धोका फार कमी झाला आहे. धोका उरला आहे तो शेजारच्या मज्जातंतूंना. मोठी गाठ काढली की कोणाचा आवाज घोगरा होतो, कोणाची जीभ एका बाजूला वळते, गिळायला त्रास होतो. सुश्रुताने मन्या-नीलांच्या घावात नोंदलेला बिघडलेला आवाज तो कदाचित हाच.

त्यामुळे गाठ दिसली की काढायचीच, असा आग्रह आता धरला जात नाही. लायडनच्या डॉक्टरांनी मानेतल्या आणि डोक्यातल्या अशा गाठी वर्षानुवर्षं मोजल्या. निम्म्या गाठी वर्षाला १ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढत होत्या, आणि दुप्पट व्हायला साधारणतः चारेक वर्षं लागत होती. एखाद्या वयस्क माणसाच्या मानेत लहानशी गाठ असेल तर त्याला ठरावीक काळाने परत बोलावतात. एमआरआय होतो. मागच्या खेपेचं चित्र शेजारी लावतात, दुबेळक्यातल्या त्या गाठीवर पडद्यावरची मोजपट्टी धरतात आणि दोन आकडे ताडून पाहतात.